दातातील रेझीन आणि जिवंत पेशी

दिवाळीच्या सुटीत मी भोपाळला मावशीकडे गेलो होतो. मावशीचे यजमान रेल्वेत होते. १९८४ साली त्यांचे बिऱ्हाड स्टेशनजवळ होते आणि २-३ डिसेंबरच्या त्या रात्री घरातल्या सर्वांनी गॅस खाल्ला. निवृत्तीनंतर त्यांनी शहराच्या उत्तरेला, करोंद भागात लहानसे घर घेतले. करोंद म्हणजे कृषी मंडी, मालमोटारींची वर्दळ, आणि जरा पुढे गॅसपीडितांसाठी बांधलेले भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल. त्या हॉस्पिटलचे कार्ड मावशीच्या पिशवीत वर्षानुवर्षे आहे.

मी गेलो त्या आठवड्यात मावशीची दाढ दुखत होती. दंतवैद्यांनी पाहून सांगितले होते की दाढ काढायला नको, भरता येईल. चांदीचा मसाला नको असेल तर दाताच्या रंगाचे रेझीन भरू, निळ्या दिव्याने ते मिनिटभरात घट्ट होते. घरी आल्यावर मावशीने मला विचारले, "तू केमिस्ट्री शिकवतोस ना? मग सांग, ते दातात भरतात ते केमिकलच ना? त्याने आत काही होत नाही ना?"

मी सवयीने म्हणालो, "काही होत नाही गं. सगळे जग भरून घेते."

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या रात्रीनंतरही आम्हाला हेच सांगत होते. डोळ्यांना पाणी लावा, काही होत नाही."

या उत्तरापुढे माझे अध्यापन फिके पडले. मी जे सांगितले ते खोटे नव्हते; पण ते उत्तरही नव्हते. परत आल्यावर मी या विषयावरचे जे वाचन केले, ते विद्यार्थी मित्रांपुढे आणि सहकारी प्राध्यापकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रोजचे जीवन ही तिन्ही एका दाढेत कशी भेटतात, हे पाहण्यासारखे आहे.

रेझीन म्हणजे काय?

रेझीन या शब्दाला आपला जुना शब्द राळ. झाडातून पाझरणारा, हवेत कडक होणारा चीक. दंतवैद्यकातील रेझीन मात्र झाडाचे नाही. ते प्रयोगशाळेत तयार केलेले बहुवारिक आहे, म्हणजे सोप्या भाषेत एक प्रकारचे प्लास्टिक.

त्याची सुरुवात कवळीपासून झाली. १९३० नंतरच्या दशकात पॉलिमिथिल मेथाक्रिलेट हे पारदर्शक प्लास्टिक बाजारात आले आणि त्याच दशकाच्या अखेरीस त्याच्या कवळ्या बनू लागल्या. आजही आपल्या आजोबांच्या पेल्यात रात्री पडून असणारी गुलाबी कवळी बहुधा याच पदार्थाची असते. मग हेच प्लास्टिक दात भरण्यासाठी वापरून पाहिले गेले. पण ते घट्ट होताना आकसत असे, दाताच्या कडेला फट राही, आणि दाताच्या आतला जिवंत गर सुजत असे.

पुढे दोन शोधांनी चित्र बदलले. १९५५ मध्ये अमेरिकेत मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवले की दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, फॉस्फोरिक आम्लाने किंचित खरखरीत केले तर प्लास्टिक त्याला चांगले चिकटते. त्यानंतर राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाचा मोठा, जड रेणू तयार केला. त्याचे एकस्व १९६२ चे आहे. या रेणूचे आकसणे कमी होते. त्यात काचेची किंवा सिलिकाची बारीक पूड मिसळली की दाताचा भार सोसणारा पदार्थ मिळतो. त्यालाच कंपोझिट म्हणतात. आजच्या कंपोझिटमध्ये वजनाने साधारण तीन चतुर्थांश पूड आणि एक चतुर्थांश रेझीन असते.

बिस-जीएमए मधापेक्षाही घट्ट असते. ते हाताळता यावे म्हणून त्यात टेगडीएमए नावाचा लहान, पातळ रेणू मिसळतात. काही कंपोझिटमध्ये यूडीएमए हा तिसरा रेणू असतो. दात आणि कंपोझिट यांना जोडणाऱ्या चिकट द्रवात हेमा नावाचा आणखी लहान, पाण्यात विरघळणारा रेणू असतो. ही चार नावे लक्षात ठेवावीत. पुढची सगळी कथा त्यांचीच आहे.

निळ्या दिव्याखाली

हे सर्व रेणू एकवारिक आहेत. प्रत्येकाच्या टोकाला कार्बनचा दुहेरी बंध असतो. बिस-जीएमए, यूडीएमए आणि टेगडीएमए यांना अशी दोन टोके असतात, हेमाला एक. दंतवैद्य दिवा लावतात तेव्हा निळा प्रकाश कॅम्फरक्विनोन या पिवळसर पदार्थावर पडतो. हा आपल्या देवघरातील कापराचा रासायनिक नातलग. प्रकाश शोषून तो शेजारच्या अमाइनशी प्रक्रिया करतो आणि मुक्त मूलके तयार होतात. मुक्त मूलक एका रेणूचा दुहेरी बंध उघडते, तो रेणू दुसऱ्याचा, दुसरा तिसऱ्याचा. काही सेकंदांत जाळे विणले जाते आणि मऊ लगदा दगडासारखा होतो.

पण येथेच एक अडचण आहे. जाळे जसजसे घट्ट होते तसतशी रेणूंना हालचाल करायला जागा उरत नाही. जत्रेच्या गर्दीत हात धरून साखळी करायची ठरवली, तर शेवटी काही माणसे चेंगरून अशी उभी राहतात की शेजाऱ्याचा हात दिसतो पण गाठता येत नाही. तसेच येथे होते. चांगल्या कंपोझिटमध्येही साधारण ५५ ते ७५ टक्के दुहेरी बंधच उघडतात. उरलेल्यांपैकी बहुतेक रेणू एका हाताने जाळ्याला धरलेले असतात. ते कोठे जात नाहीत. पण काही थोड्या रेणूंचे दोन्ही हात मोकळे राहतात. हे मोकळे रेणू लाळेत आणि दाताच्या आतल्या द्रवात पाझरू शकतात. पाझर पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सर्वांत जास्त असतो, मग झपाट्याने कमी होतो.

शिवाय हवेतील ऑक्सिजन ही साखळी तोडतो. म्हणून भरावाच्या अगदी वरच्या पृष्ठभागावर न जुळलेल्या रेणूंचा पातळ चिकट थर राहतो. दंतवैद्य शेवटी घासून गुळगुळीत करतात ते केवळ सौंदर्यासाठी नाही. तो थर निघून जातो.

म्हणजे मावशीच्या प्रश्नाचा पहिला भाग खरा होता. ते केमिकलच आहे, आणि त्यातले थोडे बाहेर येते. आता दुसरा भाग: आत काही होते का?

पेशींना विचारण्याची रीत

माणसाच्या दातावर प्रयोग करण्याआधी पेशींवर करतात. दाताच्या गरातून, हिरडीतून किंवा उंदराच्या त्वचेखालील ऊतीतून घेतलेल्या पेशी काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत, ३७ अंश सेल्सियस तापमानाला, पोषक द्रवात वाढवतात. अशा पेशींचे वंश जतन करून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवणारी संस्था आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र हीच ती. १९८६ मध्ये प्राणिपेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून तिची सुरुवात झाली.

रीत अशी. रेझीनची लहान चकती दिव्याखाली घट्ट करायची आणि पोषक द्रवात दिवसभर ठेवायची. जे पाझरायचे ते द्रवात पाझरते. मग तो द्रव पेशींवर घालायचा. दुसऱ्या दिवशी त्यात एमटीटी नावाचे पिवळे रंगद्रव्य टाकतात. जिवंत पेशीतील एंझाइमे, विशेषतः तंतुकणिकांतील, या पिवळ्याचे जांभळे करतात. मेलेली पेशी ते करू शकत नाही. जांभळा रंग किती गडद आला हे उपकरणाने मोजले की किती पेशी जिवंत आणि कामात आहेत याचा अंदाज येतो. ही कसोटी १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, साध्या द्रवातील पेशींच्या तुलनेत जिवंतपणा ७० टक्क्यांच्या खाली गेला तर तो पदार्थ पेशींना विषारी ठरण्याची शक्यता आहे असे मानतात.

पण मरणे हीच एक इजा नव्हे. पेशी जिवंत राहील, मात्र तिचा डीएनए तुटलेला असेल, तर तेही गंभीर. त्यासाठी धूमकेतू कसोटी आहे. पेशी एका जेलीत बसवून तिच्यातील डीएनए विजेच्या क्षेत्रात ठेवतात. तुटलेले तुकडे ओढले जाऊन मागे शेपटी दिसते. शेपटी जितकी मोठी, तितकी इजा जास्त. ही कल्पना स्वीडनमध्ये १९८४ साली मांडली गेली आणि १९८८ मध्ये नरेंद्र पी. सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला आज प्रचलित असलेले रूप दिले.

अशा कसोट्यांत चारही रेणूंची परीक्षा अनेक देशांत पुन्हा पुन्हा झाली आहे. आकडे पेशीप्रमाणे बदलतात, पण क्रम बराचसा तोच येतो. सर्वांत विषारी बिस-जीएमए, मग यूडीएमए, मग टेगडीएमए, आणि सर्वांत सौम्य हेमा. मात्र विषारीपणाचा क्रम आणि धोक्याचा क्रम एक नसतो. बिस-जीएमए जड व तेलकट असल्याने फारसे पाझरत नाही. टेगडीएमए आणि हेमा सौम्य खरे, पण लहान व पाण्यात मिसळणारे असल्याने जास्त प्रमाणात बाहेर येतात. किती विषारी याबरोबर किती पोचते हेही पाहावे लागते.

ग्लुटाथायोन नावाचा पहारेकरी

आता हे रेणू पेशीत शिरून नेमके करतात काय? येथे माझ्या मनात दाढ आणि भोपाळ यांची गाठ पडली.

आपल्या प्रत्येक पेशीत ग्लुटाथायोन नावाचा लहान रेणू भरपूर असतो. तीन अमिनो आम्लांचा बनलेला, आणि मधल्या सिस्टीनवर गंधकाचा एक हात असलेला. पेशीत शिरणाऱ्या, इलेक्ट्रॉनांची भूक असलेल्या परक्या रेणूंना हा हात पकडतो. नेहमीच्या चयापचयात तयार होणारी घातक ऑक्सिजन-मूलकेही तोच शमवतो. पेशीचा हा पहारेकरी म्हणायला हरकत नाही.

मेथाक्रिलेटच्या दुहेरी बंधाचे टोक असेच इलेक्ट्रॉनांचे भुकेले असते. टेगडीएमए किंवा हेमा पेशीत शिरले की ग्लुटाथायोन त्यांना धरतो, आणि धरता धरता स्वतः खर्च होतो. पहारेकरी संपले की पेशीतली ऑक्सिजन-मूलके मोकाट सुटतात. ती प्रथिने, पेशीपटल आणि डीएनए यांना इजा करतात. पेशी विभाजन थांबवून दुरुस्तीचा प्रयत्न करते. इजा आवाक्याबाहेर गेली तर ती स्वतःच्या मृत्यूचा क्रम सुरू करते. प्रयोगात एन-असिटिल सिस्टीन हे औषध द्रवात घातले की पेशी बऱ्याच प्रमाणात वाचतात. हे औषध गंधकाचा तोच हात पुरवते, म्हणून यामागची यंत्रणा बरोबर ओळखली आहे असे म्हणता येते.

आता १९८४ चा वायू पाहा. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून त्या रात्री सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले. त्याच्या रेणूत नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये सापडलेला कार्बन असाच इलेक्ट्रॉनांचा भुकेला असतो, मेथाक्रिलेटपेक्षा कितीतरी पटींनी अधिक. तोही प्रथिनांच्या आणि ग्लुटाथायोनच्या गंधकावर झडप घालतो. पुढे प्राण्यांवरील संशोधनात असे दिसले की ग्लुटाथायोनशी झालेले त्याचे बंधन सुटू शकते. म्हणजे पहारेकऱ्याच्या हातून निसटून तो शरीरात दूरवर पोचू शकतो. डोळे आणि फुप्फुसे यांपलीकडे अन्य अवयवांना इजा कशी झाली असावी, याचे हे एक स्पष्टीकरण आहे.

करोंदच्या हॉस्पिटलचा इतिहासही याच वायूने लिहिला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवताना गॅसपीडितांसाठी रुग्णालय उभारण्यास सांगितले. कंपनीच्या भारतातील समभागांच्या विक्रीतून पैसा आला आणि २००० साली हॉस्पिटल सुरू झाले. २०१० मध्ये ते न्यासाकडून केंद्र सरकारकडे आले. तेथील संशोधन विभागाने आयसोसायनेटाचा परिणाम काचेत वाढवलेल्या मानवी पेशींवर तपासला. २००८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्या कामात डीएनएची इजा, ऑक्सिजन-मूलकांचा ताण आणि पेशींचा क्रमबद्ध मृत्यू हेच शब्द येतात. दंतरेझीनवरचे निबंध उघडले की तेच शब्द, त्याच कसोट्या. मला वाटते, मावशीच्या मनातली शंका अडाणी नव्हती. दोन्ही ठिकाणी पेशीची भाषा एकच आहे.

आणखी एक योगायोग सांगतो. यूडीएमए हा रेणू तयार करताना हेमाची एका डायआयसोसायनेटाशी प्रक्रिया करतात. म्हणजे काही कंपोझिटच्या वंशावळीत आयसोसायनेट आहे. पण येथे विद्यार्थ्यांनी घाबरण्यापेक्षा रसायनशास्त्राचा पहिला धडा आठवावा. प्रक्रिया पूर्ण झाल्यावर आयसोसायनेट गट उरत नाही. तो युरेथेन बंध होतो, आणि युरेथेन बंध शांत असतो. सोडियम आणि क्लोरीन ही दोन्ही घातक असली तरी मीठ आपण खातोच.

बशीतून दातापर्यंत

साम्य सांगितले, आता फरक सांगणे तितकेच आवश्यक आहे, नाहीतर हा लेख भीती पसरवील.

पहिला फरक मात्रेचा. अंदाजासाठी हिशेब करू. भराव ०.३ ग्रॅम धरला, तर त्यातले रेझीन सुमारे ७५ मिलिग्रॅम. त्यातले २ टक्के पाझरले असे समजले तर दीड मिलिग्रॅम. तेही लाळेत मिसळून बरेचसे पोटात जाते आणि शरीर त्याचे विघटन करते. चाळीस टन वायू आणि दीड मिलिग्रॅम पाझर यांना एकाच पंक्तीत बसवणे शास्त्राला धरून नाही.

दुसरा फरक भिंतीचा. बशीतील पेशी उघडी असते. दातातील गराच्या पेशींपुढे डेंटिनची भिंत असते. ही भिंत भरीव नाही. तिच्यात एक-दोन सहस्रांश मिलिमीटर रुंदीच्या नलिका असतात, आणि गराजवळ तर एका चौरस मिलिमीटरात त्या ४५ हजारांहून अधिक भरतात. तरीही एक मिलिमीटर जाडीचे डेंटिन शिल्लक असेल तर पाझरलेल्या रेणूंपैकी फार थोडे आत पोचतात. गरात रक्तप्रवाहही असतो; तो आलेले वाहून नेतो. बशीत ही सोय नसते.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. कीड खोल गेली असेल, भिंत अर्ध्या मिलिमीटराहून कमी उरली असेल किंवा गर उघडाच पडला असेल, तर हेमा आणि टेगडीएमए गरापर्यंत मिलिमोलर पातळीला पोचू शकतात. बशीत पेशींना त्रास होतो तो याच पातळीच्या आसपास. पेशीतील ग्लुटाथायोनही मिलिमोलर पातळीतच असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे कारण कळते. म्हणून खोल दातात रेझीन थेट गरावर न लावता आधी कॅल्शियम हायड्रॉक्साइडसारख्या पदार्थाचा थर देतात. शिवाय बशीतील कसोटी दोन-तीन दिवसांची असते आणि भराव तोंडात दहा वर्षे राहतो. लाळेतील एंझाइमे आणि जंतू त्याला सावकाश झिजवत असतात.

बिस्फेनॉल-ए या द्रव्याची चर्चा याच संदर्भात होते. ते भरावात मुद्दाम घालत नाहीत. पण बिस-जीएमए त्यापासूनच बनवतात, त्यामुळे त्याचा अंश राहू शकतो. १९९६ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी दात सीलबंद करण्याच्या रेझीननंतर लाळेत ते सापडल्याचे सांगितले आणि मोठा वाद झाला. हे द्रव्य स्त्री-संप्रेरकासारखे वागू शकते. पुढच्या मोजण्यांत असे दिसले की भरावानंतर पहिल्या काही तासांत त्याचे प्रमाण वाढते आणि मग उतरते. मात्र २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची सुरक्षित दैनिक मर्यादा २०,००० पटींनी खाली आणली. तेव्हा वाद संपला असे कोणी म्हणू नये.

खरा धोका कोणाला?

रुग्णाचा संबंध वर्षातून एखाद्या वेळी येतो. दंतवैद्य, त्यांचे मदतनीस आणि कवळ्या घडवणारे तंत्रज्ञ यांचा रोज येतो, आणि तोही न जुळलेल्या, ओल्या रेझीनशी. मेथाक्रिलेटांमुळे बोटांच्या टोकांना भेगा पडणे, खाज, इसब हा या व्यवसायातील ओळखीचा आजार आहे. हेमा तर नेहमीच्या रबरी हातमोज्यातून काही मिनिटांत आरपार जाते. मोजा घातला म्हणून निर्धास्त राहणारा मदतनीस खरे तर ओले बोट मोज्यात झाकून ठेवत असतो. एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते.

आमच्या विद्यार्थिनींनी येथे विशेष लक्ष द्यावे. दिव्याखाली सुकवायचे जेल नेलपॉलिश मिळते, त्यातही पुष्कळदा हेमाच असते. युरोपात २०२१ पासून अशा उत्पादनांवर 'केवळ व्यावसायिक वापरासाठी' असे बंधन आहे. घरी स्वस्त दिव्याखाली अर्धवट सुकवलेले पॉलिश कातडीला लागत राहिले, तर ॲलर्जी जडू शकते. आणि पुढे कधी दात भरताना, किंवा सांधा बदलताना वापरल्या जाणाऱ्या हाडांच्या सिमेंटमुळे, तीच ॲलर्जी आड येऊ शकते. नखाची हौस अशी दूरवर जाते.

मग पारा बरा का?

कोणी म्हणेल, यापेक्षा जुना चांदीचा मसाला बरा. त्यात जवळजवळ निम्मा पारा असतो. पाऱ्याच्या प्रदूषणाविरुद्धचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये तो स्वीकारला. त्यामुळे जगभर दंतवैद्यकातून पारा हळूहळू मागे हटत आहे, आणि त्याची जागा प्रामुख्याने रेझीनच घेणार. म्हणूनच रेझीनची चिकित्सा आज जास्त महत्त्वाची आहे. एक विष गेले म्हणून आलेल्या पाहुण्याची चौकशी करायची नाही, असे होऊ नये. ग्लास आयोनोमर हा तिसरा पर्याय आहे. विल्सन आणि केंट यांनी तो १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या मूळ रूपात मेथाक्रिलेट नसते, पण चावण्याच्या जोराला तो कंपोझिटइतका टिकत नाही.

आणि काहीच न करणे हाही पर्याय बिनविषारी नाही. किडलेल्या दातातील जंतू गराला जी इजा करतात, तिच्यापुढे रेझीनचा पाझर किरकोळ ठरतो.

मावशीला लिहिलेले पत्र

हे सगळे वाचून झाल्यावर मी मावशीला पत्र लिहिले. फोनवर मी पुन्हा घाईत काहीतरी बोललो असतो, म्हणून पत्र. त्यात लिहिले की तुझी शंका रास्त होती आणि माझे उत्तर घाईचे होते. त्या रेझीनमधले थोडे बाहेर येते. किती येईल हे बरेचसे भरणाऱ्याच्या हातात असते. तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी विचार. कीड किती खोल आहे, आणि खोल असेल तर खाली अस्तराचा थर देणार का? भराव एकदम न भरता सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थराला दिवा पुरेसा वेळ आणि दाताच्या जवळ धरणार का? आणि शेवटी वरचा चिकट थर घासून काढून चूळ भरायला लावणार का? चूळ गिळू नकोस, थुंकून टाक. काकांच्या नव्या कवळीबद्दलही लिहिले. उष्णतेने घट्ट केलेल्या कवळीत मोकळे एकवारिक फार थोडे राहते, पण खोलीच्या तापमानाला घट्ट केलेल्या कवळीत ते ३ ते ५ टक्के असू शकते. म्हणून नवी किंवा नुकती दुरुस्त केलेली कवळी तोंडात घालण्यापूर्वी एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावी.

पंधरा दिवसांनी मावशीचा फोन आला. तिने चिठ्ठीवर तिन्ही प्रश्न लिहून नेले होते. डॉक्टर तरुण होते; रागावले नाहीत. त्यांनी एक्स-रे दाखवला, भिंत किती उरली आहे ते बोटाने दाखवले, खाली अस्तर दिले आणि थराथराने दाढ भरली. "किती वेळ दिवा धरतात ते मी मोजलं," मावशी म्हणाली. "प्रत्येक वेळी वीसपर्यंत."

मी विचारले, "दुखते का आता?"

"नाही," ती म्हणाली. "आणि मला सगळं सांगून केलं."

आमच्या वर्गांतून काही विद्यार्थी दंतवैद्यक महाविद्यालयांत जातील, काही प्रयोगशाळांत, काही औषध कंपन्यांत. कोणीतरी त्यांना विचारील, "यात केमिकल आहे ना? काही होत नाही ना?" त्या वेळी "काही होत नाही" हे दोन सेकंदांचे उत्तर तोंडाशी येईल. ते गिळावे, आणि काय होते, किती होते, कोणाला होते आणि ते कमी कसे करता येते, एवढे सांगण्यासाठी पाच मिनिटे काढावीत.